हरवलेला पाऊण किलो

पोरी,

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तुझा लहाना भाऊ लाकडी नंदी ओढत आमच्या दारात बोजारा (सणाचा खाऊ-पैसा) मागायला आला, नंदीच्या मागं बंडीच्या जागी तू केलेला पुठ्ठ्याचा रणगाडा जुंपलेला, ते पाहून अख्खी गल्ली हसली, टाळ्या पडल्या, तुझ्या बाबांनी मोबाईलवर व्हिडिओ काढला, आणि मी मात्र काही न बोलता तो रणगाडा उचलून उलटा केला अन् त्याचं पोट पाहत बसलो. तुझी आई काल काकूला म्हणे, "फौजी काका एक शब्द चांगला नाही बोलले, पोट्टी रात्री जेवली नाही." म्हणून हे लिहून राहिलो. तोंडी सांगायला बसलो तर मी मधेच पेन्शनच्या गोष्टीवर जातो हे तुलाही माहीत आहे.

आधी चांगलं ते सांगून टाकतो. पुठ्ठा तू कात्रीनं नाही, कटरनं कापला, कडा सरळ आहेत. बुर्जाला, म्हणजे तोफेच्या वरच्या डोक्याला, गोलाई आणायला कागदाचा लगदा लावला अन् वाळल्यावर घासला, हे डोकं तुझं की यूट्यूबचं ते माहीत नाही पण जमलंय. मी टेप लावून पाहिला, हल, म्हणजे खालचं धड, बरोबर २० सेंटीमीटर, रुंदी दहाच्या किंचित वर, म्हणजे तू खऱ्या टी-७२ रणगाड्याची मापं काढली, ३५ नं भागली, अन् मगच कापायला बसली. मी माझा पहिला रणगाडा अंदाजपंचे केला होता, तो बिघडलेल्या थ्रेशरसारखा दिसे.

आता चूक. तुझी गाडी वरून टी-७२ आहे अन् खालून टी-५५, म्हणजे दुसराच रशियन रणगाडा. टी-५५ ला एका बाजूला ५ चाकं, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट, आणि वर आधाराचे रोलर नसतात त्यामुळे ट्रॅकचा (चाकांवरून फिरणारी लोखंडी साखळी) वरचा पट्टा सरळ चाकांच्या डोक्यावर येऊन पडलेला असतो. टी-७२ ला ६ चाकं, जवळजवळ, अन् वर ३ छोटे रोलर, त्यामुळे वरचा पट्टा मधे मधे थोडासाच झुकतो. तू दोन वेगवेगळ्या गाड्यांचे फोटो पाहून बसली. तोफेवरून कधी गाडी ओळखू नको, चाकं मोज. तोफ बदलते, आपल्या फौजेनं टी-५५ च्या १०० मिमी तोफा काढून १०५ मिमीच्या बसवल्या, कोणी बुर्जावर पेट्या लटकवते, कोणी चिलखताच्या विटा लावते, पण चाकं जन्माला आली तशीच राहतात. ढोराचे दात पाहून वय सांगतात तसं आहे हे. ही चूक एका संध्याकाळी दुरुस्त होते, त्यासाठी एवढं मोठं पत्र लिहायची गरज नव्हती.

मी गाडी उलटी करून पाहत होतो ते दुसऱ्याच कारणानं. ती मला हलकी वाटली. हातात हलकी असणारच, पुठ्ठ्याची आहे, पण मला ती डोळ्यालाच हलकी वाटली. अंगणातल्या मातीवर उभी होती तर जसं कोणी वरून दोरीनं धरून ठेवलंय.

तुझा भाऊ दुसरीकडं पाहत होता तेव्हा मी ती किराण्याच्या दुकानात नेऊन काट्यावर ठेवली. २१० ग्रॅम. आता गणित कर. १:३५ म्हणजे लांबी ३५ नं भागली, रुंदी ३५ नं, उंचीही ३५ नं. तर वजन कितीनं भागायचं? ३५ नं नाही, ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ नं, म्हणजे ४२,८७५ नं. टी-७२ साधारण ४१ टनाची, म्हणजे ४१ हजार किलो. भागून पाहा, साडेनऊशे ग्रॅमच्या वर येते. म्हणजे खऱ्या गाडीला कोणी जादूनं लहान केली असती तर तुझ्या भावाचा नंदी ती ओढूच शकला नसता, जवळपास एक किलो वजन झालं असतं. तुझ्या गाडीतून पाऊण किलो गायब आहे. प्लॅस्टिकच्या महागड्या किटमधूनही तेवढंच गायब असते बरं का, त्यात कंपनीचा काही दोष नाही. रणगाड्याचं मॉडेल करणं म्हणजे माझ्या मते तो हरवलेला पाऊण किलो लोकांच्या डोळ्याला परत दाखवणं, बाकीचं सगळं कापाकापी अन् चिकटवणं आहे.

(आत नटबोल्ट भरून वजन वाढवायची आयडिया तुझ्याही डोक्यात आली असंल. मी केलं होतं. बाहेरून काहीच फरक दिसला नाही अन् तिसऱ्या दिवशी चाकांचे दांडे मोडले.)

हे वजन दिसणं काय असते ते मला पहिल्यांदा हिंगणघाटच्या स्टेशनवर कळलं, तेव्हा मी तुझ्या भावाएवढा असंल. मद्रासकडून येणारी मिलिटरीची मालगाडी बाजूच्या लाईनवर थांबली होती. मद्रासजवळ आवडी गावच्या कारखान्यात तेव्हा विजयंता रणगाडे बनत, तेच असावेत, पण मला रणगाडा दिसला कुठं, सगळं ताडपत्रीखाली अन् दोरखंडानं आवळलेलं, पुढं एक लांब नळीसारखं काहीतरी तेवढं वर आलेलं. माझे वडील म्हणे, "वर नको पाहू, खाली पाह." खाली पाहिलं तर त्या वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, स्प्रिंगा दबून गच्च बसलेल्या, अन् दोन डबे सोडून एक रिकामी वाघीण होती तिच्या स्प्रिंगा मोकळ्या, मधे हात जाईल एवढी फट. वडील हमाल होते, त्यांना गोणीतला माल न उघडता सांगता येत असे. मला त्या दिवशी रणगाडा नाही दिसला, फक्त त्याचं वजन दिसलं. तुझ्या मॉडेलमधे रणगाडा दिसून राहिला, वजन नाही.

पुढं मी १९८४ ला ईएमईत, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या खात्यात, भरती झालो, भोपाळला ट्रेनिंग, आणि ट्रेड मिळाला रिकव्हरीचा. लोकांना वाटते फौजी म्हणजे तोफ डागणारा. मी चोवीस वर्षांत एकही गोळा डागला नाही, मी फसलेल्या गाड्या काढल्या. त्यामुळे रणगाड्याची जी बाजू मी पाहिली ती शूरवीरांच्या चित्रात नसते, चिखलात पोटापर्यंत बसलेला, ट्रॅक उतरलेला, आतले तिघं बाहेर येऊन बिडी ओढून राहिलेले.

एक फजिती सांगतो, ती माझीच आहे. राजस्थानात कालव्याच्या पट्ट्यात एक्सरसाईज, म्हणजे युद्धसराव, होती. तिथं काही ठिकाणी कालव्याचं पाणी जमिनीत मुरून वर येते, तिथले लोक त्याला सेम म्हणतात, वरून वाळू कोरडी ठणठणीत अन् खाली हातभरावर गारा. मला पुढं जाऊन जमीन पाहायला सांगितली होती. मी बुटाची टाच मारून पाहिली, दोन उड्या मारल्या, पक्की वाटली, ड्रायव्हरला हात केला, ये. गाडी वीस-पंचवीस मीटर मस्त आली आणि मग एखादी म्हैस डबक्यात बसते तशी बसली. आरामात. काही आवाज नाही, काही नाही. ड्रायव्हरनं घाबरून रेस दिली आणि ट्रॅकनं स्वतःच्याच खालची माती उकरून बाहेर फेकली, म्हणजे अजून खाली.

हे काहून झालं ते समजून घे, कारण हेच तुझ्या मॉडेलला लागणार आहे. टी-७२ चा एक ट्रॅक ५८ सेंटीमीटर रुंद, जमिनीला टेकलेली लांबी सव्वाचार मीटरच्या वर थोडी. दोन ट्रॅकचं क्षेत्रफळ काढ, ४१ हजार किलो त्याच्यावर वाट, एका चौरस सेंटीमीटरवर ८०० ग्रॅमच्या थोडं वर येते. तू चालते तेव्हा तुझ्या एका तळपायावर जो भार येते तो याच्या अर्ध्याच्या आसपास. म्हणजे ४१ टनाचा डोंगर जमिनीला माणसाच्या दुप्पट टोचते, बस, आणि मालानं भरलेल्या ट्रकचं टायर त्याच्या कितीतरी पट टोचते. म्हणून तर ट्रॅक लावतात. पण माणूस फसला तर गुडघ्यापर्यंत जाते अन् पाय काढून घेते. रणगाड्याचं पोट जमिनीपासून अर्ध्या मीटरपेक्षाही कमी उंचीवर असते, ट्रॅक तेवढा खाली गेला की पोट टेकते, आणि पोट टेकलं की ट्रॅकवर भार राहत नाही, ट्रॅक नुसता गरगर फिरते, गाडी कासवासारखी. वरून ओला गारा पोटाला चिकटून ओढून धरते तो वेगळा. आम्ही बेलच्यानं पोटाखाली खोदून आधी हवा जायला वाट केली, मागं बांधलेला असते ना तो लाकडाचा लट्ठा, तो दोन्ही ट्रॅकला आडवा बांधला, दोन रिकव्हरी गाड्या लावल्या, पुली लावली, अन् दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाहेर आली तेव्हा जमिनीनं असा आवाज केला की मी अजून विसरलो नाही. सुभेदार साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अपना वजन नाप के आया था, गाडी का नहीं."

टी-५५ आणि टी-७२ च्या मागं तो लाकडाचा लट्ठा आहे की नाही ते फोटोत पाहा. तू तो लावलाच नाही. तुझ्या गाडीत एकच गोष्ट सुधारायची असती तर मी तोफ सोडून तो लट्ठा लावला असता. बाभळीची सरळ काडी घे, साल काढ, झालं.

इतिहासाची आवड आहे तुला, बाबा सांगत होते. मग लढायाही याच नजरेनं वाच, कोणाचं वजन किती अन् माती कोणती. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे आले, तेव्हाचे एकदम आधुनिक, ९० मिमी तोफ, वजन पन्नास टनाच्या जवळ. आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं होतं, उभा ऊस होता, पॅटन मंदावले, फसले, अन् उसात लपलेल्या आपल्या सेंच्युरियन रणगाड्यांच्या समोर आडवे सापडले. तिथंच ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिमीच्या रिकॉइललेस तोफेनं रणगाडे फोडले, परमवीर चक्र मिळालं मरणोत्तर. जीपवर चिलखत किती, शून्य. नंतर पकडलेल्या गाड्या भिखीविंडजवळ आणून उभ्या केल्या, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणायला लागले. १९७१ च्या डिसेंबरात लोंगेवालाला उलट, वाळू. तिथं रात्री आलेले पाकिस्तानचे टी-५९ रणगाडे मऊ वाळूत अडकले अन् सकाळी जैसलमेरहून आलेल्या हंटर विमानांना ते ताटात वाढल्यासारखे दिसले. अन् त्याच वर्षी पूर्वेकडं बंगालमधे, जिथं पावलापावलावर पाणी, तिथं आपण पीटी-७६ वापरले, १४ टनाची हलकी गाडी, पाण्यावर बोटीसारखी तरंगते, चिलखत मात्र पातळ. नोव्हेंबर १९७१ ला गरीबपूरला ४५ कॅव्हलरीच्या १४ पीटी-७६ नी पाकिस्तानच्या चॅफी रणगाड्यांशी टक्कर घेतली. जाड चिलखताची गाडी तिथं पोहोचलीच नसती तर जाड चिलखत काय कामाचं.

सगळ्यात भारी मला काश्मीरमधल्या झोजिलाची गोष्ट वाटते. १ नोव्हेंबर १९४८, साडेअकरा हजार फुटांचा घाट, बर्फ पडून राहिला, अन् तिथं ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वर चढले. ते श्रीनगरपर्यंत आणतानाच बुर्ज काढून, झाकून आणले, म्हणजे वाटेतल्या कच्च्या पुलांना झेपले पाहिजेत अन् कोणाला कळलंही नाही पाहिजे की रणगाडे चाललेत. सॅपर्सनी, म्हणजे फौजेच्या इंजिनियर लोकांनी, वाट रुंद केली. आणि आता पाहा, २०२० मधे लडाखला टी-९० अन् टी-७२ न्यावे लागले, त्यानंतर हलक्या रणगाड्याची गरज पुन्हा बोलायला लागले, अन् २०२४ ला २५ टनाचा जोरावर दाखवला डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रोनं. तिकडं अर्जुन एमके-१ए ६८ टनाचा. एकाच देशाच्या दोन गाड्या, कारण देशात माती एक नाही.

बरं, आता कामाचं. वजन दाखवायचं कसं.

पहिले चाकं. तू सहाही चाकं (म्हणजे पाचही) एका रेषेत पट्टी लावून चिकटवली. पक्क्या सिमेंटवर गाडी तशीच दिसते, पण तुझ्या भावानं ती अंगणात ठेवली अन् एक चाक ढेकळावर, दोन चाकं हवेत. खऱ्या गाडीचं प्रत्येक चाक स्वतःच्या दांड्यावर असते, आत लोखंडी सळई पिळली जाते तिला टॉर्शन बार म्हणतात, त्यामुळे खड्डा आला की तेवढंच चाक खाली जाते, ढेकूळ आलं की तेवढंच वर. म्हणून आधी जमीन कर, मग गाडी. जमिनीचा तुकडा बनव, त्याला एक उंचवटा दे, आणि चाकं त्या जमिनीवर ठेवून, ओल्या डिंकातच एकेक खाली-वर करून बसव. एक चाक जरी दोन मिलिमीटर वर गेलं ना, पाहणारा न सांगता म्हणते की गाडी जड आहे. आणि गाडीखालची जमीन दाबलेली पाहिजे, मागं ट्रॅकचे ठसे पाहिजेत, ठशाच्या दोन्ही बाजूला माती दाबून वर आलेली पाहिजे. लोक काय करतात, गाडीवर महिनाभर मेहनत करतात अन् मग ती गवताच्या चटईवर ठेवून देतात.

ट्रॅक पुठ्ठ्याचा आहे म्हणून तो ताठ राहिला. जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी काप, वरून पुठ्ठ्याचे तुकडे चिकटव, आपोआप लोंबते. टी-५५ करायचा ठरवला तर चाकाच्या डोक्यावर धाग्यानं बांधून ठेव डिंक वाळेपर्यंत.

आता रंग. तू सगळ्या ट्रॅकला चंदेरी मारला. तुमच्या घरी वखर आहे ना, त्याची पास (लोखंडी पातं) पाहा. वावरातून आत्ता आलेली असली तर धारेवर आरशासारखी चकाकते, मागचा भाग काळपट, अन् दोन दिवस पावसात राहिली तर सगळीकडं तांबूस. ट्रॅक अगदी तसाच. मूळ रंग काळपट तपकिरी, त्यावर थोडा गंज, अन् चमक फक्त जिथं घासते तिथं, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या कडा अन् मागच्या दातेरी चाकाचे दात. रशियन गाड्यांना जोर देणारं चाक मागं असते, पुढचं नुसतं फिरते. चंदेरी रंग वापरूही नको, पेन्सिलचं शिसं बोटावर घेऊन घास.

बाकी गाडीचा हिरवा तू डब्यातला जसाच्या तसा मारला. खरी गाडी उन्हात उभी राहते, वरचा भाग फिका पडतो, खाली हिरवा टिकते पण धुळीत जाते. ट्रॅक्टरचं बोनेट अन् त्याची खालची बाजू शेजारी ठेवून पाहा. हिरव्यात थोडा पिवळा-पांढरा टाकून वरच्या बाजूला हलका हात फिरव. मग काळा-तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून सांध्यासांध्यात सोड, वाळला की कोरड्या ब्रशवर अगदी नावाला रंग घेऊन कडांवर घास. टी-५५ अन् टी-७२ दोघांचंही धुराडं डाव्या बाजूला आहे, तिथं काजळी दे, उजव्या बाजूला देऊ नको, मी एका प्रदर्शनात दोन्हीकडं काजळी असलेलं मॉडेल पाहिलं अन् त्यालाच बक्षीस होतं. परीक्षकाशी वाद घालायला गेलो तर काकूनं हात धरून बाहेर आणलं.

मातीचं सांगतो, इथं घाई करू नको. माती खरीच वापर पण नाल्याची वाळू नको. वाळूचा एक मिलिमीटरचा दाणा १:३५ मधे साडेतीन सेंटीमीटरची गिट्टी होते, गाडीवर कोणी गिट्टी फेकल्यासारखी दिसते. माती तव्यावर भाजून घे म्हणजे बुरशी धरणार नाही, खलबत्त्यात कुट, मलमलच्या फडक्यातून चाळ, जे फडक्यातून खाली पडते तेच आपलं. त्यात फेव्हिकॉलचं पाणी. आधी कोरडी फिकी धूळ सगळीकडं, मग चाकांच्या मधे अन् मडगार्डच्या खाली जाड, आणि सगळ्यात शेवटी थोडीच ओली, गडद, चकाकणारी, फक्त जिथं आत्ता लागली असंल तिथं. आमच्या पांदणीत आता जा, पाऊस आहे तोवर. कोणाचा ट्रॅक्टर येते तो पाहत उभी राहा. चाकावरचा गारा सगळा एका रंगाचा नसते, सकाळचा वाळून पांढुरका झालेला, दुपारचा अर्धा वाळलेला, आत्ताचा काळा कुळकुळीत. तीन थर तीन वेळेचे. फोटो काढ, पण बसून काढ, चाकाच्या उंचीवरून. उभ्यानं काढलेला फोटो काही शिकवत नाही.

सामानाला जास्त पैसे नको घालू. किटं चांगली येतात, टामियाची टी-५५ अन् टी-७२ आहे, चायनाच्या ट्रम्पेटर अन् मेंगची आहेत, पण आपल्याकडं येईपर्यंत किंमत कापसाच्या अर्ध्या क्विंटलवर जाते, बाबांना एवढ्यात सांगू नको. (१:३५ हा आकडा टामियानंच रूढ केला, साठच्या दशकाच्या सुरुवातीला पॅंथरचं मोटरवालं मॉडेल काढलं, आत मोटर अन् बॅटरी मावली पाहिजे म्हणून तेवढा डबा केला, नंतर मोजलं तर ३५. एवढंच त्याचं शास्त्र.) पुठ्ठ्याऐवजी फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डच्या कतरणी आण, तो फेकूनच देते. मोटर रिवायंडिंगच्या दुकानातून जळकी तांब्याची तार आण, तिचे तीन-चार पदर पिळले की ओढायचा दोरखंड तयार, अगदी खरा दिसते. तुटलेल्या चाळणीची जाळी इंजिनवर. एअरब्रश दोन वर्षं तरी नको. थिनर अन् स्प्रे वापरला तर पडवीत, घरात नाही, तुझ्या आजीला आधीच दमा आहे.

खऱ्या माणसाची गाडी करायची असली तर मात्र माझी एक अट आहे. पूना हॉर्स रेजिमेंटच्या अरुण खेत्रपालांचा सेंच्युरियन, नाव फामागुस्ता, सायप्रसमधल्या एका बंदराच्या नावावरून. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, गाडीला आग लागली, सोडायचा हुकूम आला, तोफ चालत होती म्हणून सोडली नाही. वय २१. अशी गाडी करशील तर आधी वाचून घे, खुणा कुठं होत्या ते शोध, नाही सापडलं तर नाव नको लिहू, नुसता सेंच्युरियन कर. अंदाजानं तिथं काही रंगवायचं नाही. नगरला, आता अहिल्यानगर म्हणतात, रणगाड्यांचं म्युझियम आहे, १९९४ चं, जगभरच्या गाड्या उघड्यावर उभ्या आहेत. कधी शिर्डीला जायचं निघालं तर बाबांना तिथं थांबवायला लाव, अन् तिथं जाऊन बुर्जासोबत सेल्फी काढू नको, खाली वाक, चाकं पाहा, वेल्डिंगचे जोड पाहा, हात लावू देत असले तर लाव. आणि स्टेशनवर मिलिटरीची गाडी उभी दिसली तर पाहायची, डोळ्यांनी, पोटभर. फोटो काढून स्टेटसला नाही टाकायचा. हे मी काका म्हणून नाही सांगून राहिलो.

बाबा म्हणतात असल्या खेळण्यानं पोट भरते का. त्यांच्याशी मी बोलतो. तुला इंजिनियरिंगला जायचंच आहे, ईएमईत मुली अधिकारी आहेत, आवडीलाच डीआरडीओची सीव्हीआरडीई म्हणून संस्था आहे तिथं रणगाड्यांचं डिझाईन होते. पण ते पुढचं आहे, अन् तुला नाही जायचं तिकडं तर नको जाऊ, गणिताच्या पेपरला घनफळ तर येईलच.

या रविवारी ये. गाडी घेऊन ये, नंदी नको आणू. चाकं आपण काढून टाकू, सहा नवीन करू. माझ्याकडं कॅमेऱ्याच्या रोलच्या पाच प्लॅस्टिकच्या डब्या आहेत, जिथं जिथं पोस्टिंग झाली तिथली माती भरून आणली होती, काकू म्हणे लोक साड्या आणतात. राजस्थानची पिवळी वाळू, पंजाबची भुरी, झाशीकडची लालसर, लडाखची राखेसारखी. माझ्या सगळ्या मॉडेलना या चार डब्यांतलीच माती लागली. पाचवीत आपल्या वावराची काळी आहे, भरती व्हायला निघालो तेव्हा धुऱ्यावरून घेतली होती. ती मी चाळीस वर्षांत उघडली नाही, कारण आपल्या वावरात कधी रणगाडा आलाच नाही. तुझ्या भावाच्या नंदीमागं आला तो पहिला. ती डबी तू उघड.

फौजी काका

ता. क. येताना ५८ सेंटीमीटर भागिले ३५ करून ये. तुझा ट्रॅक रुंदीला बारा मिलिमीटर भरला होता.